गाडीचं वेड आणि गाडीच्या धंद्यातली नोकरी: सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. सुट्टी जुळली की एमएच ११ आणि एमएच १० च्या गाडीवेड्यांबरोबर घाटात असतो. त्यामुळे दोन्हीकडचे लोक मला प्रश्न विचारतात. दहावी-बारावीची मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आणि बँकेतली पक्की नोकरी सोडून गॅरेज टाकायला निघालेले तिशीतले लोकही विचारतात. सारखे सारखे येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

गाड्यांचं एवढं वेड असलेली माणसं गाड्यांच्याच धंद्यात असतील ना?

बहुतेक नसतात. रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला गाड्या थांबल्या, बॉनेट उघडलं, की भोवती कोण जमतं ते बघा. दातांचे डॉक्टर, झेडपी शाळेतले मास्तर, तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, सोन्याच्या गलाईसाठी परमुलखात राहणारे आणि सुट्टीला गावी आलेले विट्याकडचे लोक, मेडिकल स्टोअरवाले, एखादा वकील. कंपनीत कामाला असलेले त्यात थोडेच. टर्बो कसा चालतो, कुठल्या वर्षीच्या मॉडेलला कुठला गिअरबॉक्स होता, हे या मास्तरांना आणि डॉक्टरांना तोंडपाठ असतं आणि त्यातला एकही जण कारखान्याच्या गेटातून आत गेलेला नसतो.

याची कारणं साधी आहेत. या शौकाला पैसा लागतो आणि मोकळा वेळ लागतो. पाळीत काम करणाऱ्याची साप्ताहिक सुट्टी रविवारी येईलच असं नाही, आणि तिसरी पाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला घाट सुचत नाही, झोप सुचते. शिवाय हे वेड लागतं ते कारखान्यात नाहीच. ते घरी लागतं. कुणाच्या चुलत्याचा ट्रक होता, कुणाच्या आजोबांची जीप होती, कुणी ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून कारखान्यापर्यंत गेलेलं असतं. पुढे नोकरी कुठे लागली याचा त्याच्याशी संबंध राहत नाही.

मग कंपनीत कामाला असलेल्यांना गाड्यांचं वेड असतं का?

काहींना असतं. पुष्कळांना नसतं, आणि त्यात गैर काही नाही. माझ्या शेजारच्या मशीनवर काम करणारा ऑपरेटर रोज ट्रकचे ब्रेक ड्रम करतो आणि घरी सायकलने जातो. त्याला गाड्यांची नावं सांगता येणार नाहीत, पण ड्रमच्या आवाजावरून टूल बोथट झालंय हे तो माझं गेज लावून होण्याआधी सांगतो.

काम कसं असतं ते थोडं जवळून सांगतो, कारण बाहेरच्या मुलांच्या डोक्यात त्याचं वेगळंच चित्र असतं. ब्रेक ड्रम बिडाचा असतो. फाउंड्रीत १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला रस वाळूच्या साच्यात ओततात. निघालेलं कास्टिंग काळपट, खरखरीत, कोपऱ्यांत वाळू चिकटलेलं असतं. सीएनसी (म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या) लेथवर पहिला कट बसला की बिडाची राखाडी भुकटी उडते. पोलादासारखे लांब वेटोळे निघत नाहीत, बारीक चुरा पडतो, आणि त्यातल्या ग्राफाइटने दिवसभर हात काळे राहतात. मग आतली बाजू चकचकीत दिसायला लागते. तिचा व्यास बोअर गेजने बघायचा, डायल लावून ड्रम सावकाश फिरवायचा आणि काट्यावर नजर ठेवायची. काटा ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मर्यादेपलीकडे हलला, तर त्या ट्रकचा ड्रायव्हर माल भरून खंबाटकी घाट उतरत असताना त्याने ब्रेक दाबला की गाडी थरथरणार. बोल्टच्या भोकाशेजारी टाचणीच्या डोक्याएवढं ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून राहिलेलं छिद्र, दिसलं तरी तुकडा लाल पेटीत जातो. असे शेकडो तुकडे एका पाळीत हाताखालून जातात आणि शेवटच्या तुकड्याकडेही पहिल्याइतकंच लक्ष द्यावं लागतं.

हे वाचताना तुम्हाला डायलचा काटा डोळ्यांपुढे आला आणि आणखी विचारावंसं वाटलं, तर तुम्ही आमच्या कामाचे आहात. कधी एकदा गाडी चालवतोय असं वाटलं, तर तुम्ही गाडीवेडे आहात. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. पण एक आहे म्हणून दुसरी असेलच, हे गृहीत धरून नोकरी निवडू नका, एवढंच मी जीव तोडून सांगत असतो.

सातारा-सांगलीत गाड्यांचा उद्योग आहे तरी कुठे? इथे तर एकही कार बनत नाही.

कार बनत नाही हे खरं. कार आणि मोटारसायकली बनतात पिंपरी, चाकण भागात. आपल्या पट्ट्यात त्यांच्या पोटातले भाग होतात: ओतकाम, फोर्जिंग, मशीनिंग, इंजिनं. आणि हे आज-कालचं नाही. सातारच्या धनजीशा कूपर यांच्या उद्योगाची सुरुवात १९२२ सालची. लोखंडी नांगर, मग डिझेल इंजिनं, आणि आज कूपर कॉर्पोरेशन इंजिनं आणि इंजिनांचे भाग करते. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) होते, हे आमच्या कारखान्यातल्या नव्या मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

सांगलीकडे बघायचं तर किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला, आणि १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली. तिथून पंप निघाले, गाड्या नाही. पण ओतकाम आणि मशीनिंग येणारी माणसं या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेली ती अशा ठिकाणांमुळे. शेजारी कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेतच. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतले कितीतरी लहान कारखाने एकमेकांचं आणि कोल्हापूरचं जॉबवर्क करतात.

आणि सांगलीतल्या वालचंद कॉलेजच्या नावातले वालचंद म्हणजे वालचंद हिराचंद. प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन करणारे तेच. पुढे प्रीमियर पद्मिनी निघाली ती याच कंपनीतून. कॉलेज सुरू झालं १९४७ साली आणि वालचंदांचं नाव त्याला लागलं १९५५ साली. गाडीवेड्या सांगलीकरांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आजचं मोठं काम बघायचं असेल तर फलटणला जा. तिथे कमिन्स या इंजिन कंपनीची कारखान्यांची मोठी वसाहत आहे आणि टाटा कमिन्सचा इंजिन कारखानाही. महामार्गावर तुमच्या पुढून जाणाऱ्या टाटाच्या ट्रकचं इंजिन आपल्या जिल्ह्यातलं असू शकतं. साताऱ्यात भारत फोर्जचाही कारखाना आहे.

इथे कधीच अख्खी गाडी बनली नाही का?

बनली की! प्रिया स्कूटर. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना साताऱ्यात होता. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचे ते दिवस. त्या काळी साताऱ्यातल्या कितीतरी घरांत चूल पेटायची ती प्रियाच्या पगारावर. गिअरच्या स्कूटरची मागणी आटली तसं स्कूटरचं उत्पादन थांबलं आणि कंपनी डाय, जिग, फिक्श्चर अशा कारखान्यांना लागणाऱ्या साच्या-साधनांच्या कामांकडे वळली. तुमच्या घरी, वाड्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली प्रिया पडून असेल तर भंगारात घालू नका. आधी तिचं आरसी बुक शोधा.

मुलाला गाड्यांचं फार वेड आहे. त्याला ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगला घालावं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, बहुतेक वेळा वडिलांकडून, आणि मुलगा शेजारी मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असतो. मी त्यांना म्हणतो, दादा, त्याला पंधरा दिवस गॅरेजवर पाठवा. पगार मागू नका, उलट मेस्त्रीला चहा पाजा. संध्याकाळी घरी आला की एवढंच विचारा, आज काय उघडलं? त्याने क्लच प्लेट का घासली, कुठल्या बाजूने घासली, मेस्त्रीने ते कशावरून ओळखलं, असं सांगायला सुरुवात केली तर त्याला काम आवडतंय. आज कुठली गाडी आली होती एवढंच सांगत राहिला, तर त्याचं प्रेम गाडीवर आहे. ते प्रेम कॉमर्स करूनही निभावता येतं.

काम आवडलं, तरी माझं मत ऑटोमोबाइलपेक्षा मेकॅनिकलकडे झुकतं. साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमध्ये ऑटोमोबाइल शाखा चालत आली आहे आणि तिथून चांगली मुलं निघाली आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण आपल्या भागातल्या नोकऱ्या मशीनिंग, ओतकाम, टूलिंग, क्वालिटी यांत आहेत. मेकॅनिकलवाल्याला त्या मिळतात, शिवाय पंप, साखर कारखाना, पवनचक्की असे दरवाजेही उघडे राहतात. कराडचं सरकारी कॉलेज आणि सांगलीचं वालचंद ही दोन्ही त्यासाठी उत्तम. गाड्यांची भूक कॉलेजात भागवायची असेल तर विद्यार्थ्यांच्या स्पर्धा आहेत. बाहा एसएईइंडिया २००७ पासून होते. त्यात मुलं स्वतः चारचाकी बग्गी डिझाइन करतात, वेल्डिंग करतात, आणि मोडली की रात्रभर जागून दुरुस्त करतात. मुलाखत घेताना मी सगळ्यात आधी तेच विचारतो, काय मोडलं होतं?

आयटीआय करू की डिप्लोमा?

लवकर कमवायला लागायचं असेल तर आयटीआय. पण ट्रेड नीट निवडा. मोटर मेकॅनिक हा ट्रेड दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा. हे दोन्ही गॅरेज, सर्व्हिस सेंटर, एसटी यांच्याकडे नेतात. कारखान्यात यायचं असेल तर टर्नर, मशिनिस्ट, फिटर, आणि बुद्धी चालत असेल तर टूल अँड डाय मेकर, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणारा. ‘मोटर’ हा शब्द बघून मुलं पहिल्या ट्रेडला झुंबड करतात आणि टूल अँड डायकडे बघत नाहीत. चांगला डाय मेकर आमच्या पट्ट्यात शोधून सापडत नाही, एवढंच सांगतो. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्या, त्यामुळे वाट बंद होत नाही.

हेही ऐकून ठेवा. पहिली नोकरी बहुधा अप्रेंटिस म्हणून किंवा ठेकेदारामार्फत मिळते. परमनंट व्हायला काळ जातो, काही जण होतही नाहीत. सही करण्याआधी पीएफ कापला जातो का, ओव्हरटाइमचा दर काय, सुरक्षा बूट आणि चष्मा कंपनी देते का, हे विचारा. विचारलं म्हणून नोकरी जात नाही. जात असेल तर तिथे जाऊ नका.

मुलींसाठी हे क्षेत्र आहे का?

आहे. असेंब्ली, तपासणी, डिझाइन, सीएनसी प्रोग्रॅमिंग या सगळ्यांत मुली आहेत, आणि माझ्या विभागात मोजमापाची सगळ्यात भरवशाची माणसं म्हणून मी ज्यांची नावं घेईन त्यांत मुलीच जास्त आहेत. अडचण येते ती पाळीच्या गाडीची. कंपनीची बस गावापर्यंत येते की फाट्यावर सोडते, हे आधी पक्कं करा.

गॅरेज टाकावं का?

हातात कसब असेल तर जरूर टाका. सांगलीत शंभर फुटी रोडला एक फेरी मारली तरी कळतं की हा धंदा किती माणसं पोसतो. इंजिनचं काम करणारा, वायरिंगवाला, डिझेल पंपवाला, पाटेवाला, डेंटिंग-पेंटिंगवाला, ज्याचं त्याचं कसब वेगळं. मात्र धंदा बदललाय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले. डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी धरणारं डीपीएफ फिल्टर बसलं, सेन्सर वाढले, दुचाकीतसुद्धा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. नुसतं कानाने इंजिन ओळखणाऱ्या मेस्त्रीला आता स्कॅनर घ्यावा लागतो आणि त्यावरचा कोड वाचून डोकंही चालवावं लागतं.

एक उदाहरण देतो. गाडी फक्त पोवई नाका ते गोडोली अशी गावातच फिरते. एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, त्यामुळे फिल्टरमधली काजळी जळत नाही आणि दिवा लागतो. घाईत असलेला माणूस महागडा फिल्टर बदलायला सांगतो. जाणता मेस्त्री आधी स्कॅनरवर काजळीचं प्रमाण बघतो, दुसरा दोष नाही याची खात्री करतो आणि मालकाला म्हणतो, हायवेने कराडपर्यंत एका दमात जाऊन या, मग बघू. अशा मेस्त्रीकडे गिऱ्हाईक जन्मभर येतं.

स्वतःच्या वेडापायी गॅरेज काढणाऱ्यांना एक धोका असतो. आवडीच्या गाडीवर ते चार दिवस घालवतात आणि रोजची ऑइल बदलायची गाडी दारात ताटकळते. भाडं त्या ऑइलवाल्या गाड्यांतून निघतं.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की इथलं काम जाणार का?

काही जाईल. पिस्टन, लायनर, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, फ्लायव्हील, एक्झॉस्टचे भाग हे इलेक्ट्रिक गाडीत नसतातच. ज्या कारखान्याचं सगळं पोट यांवरच आहे त्याने आतापासून दुसरं काम शोधायला हवं, आणि शहाणे मालक शोधतही आहेत. ब्रेक, हब, नकल (ज्याच्या आधाराने पुढचं चाक वळतं तो भाग), सस्पेन्शनचे भाग राहतील, कारण गाडी कशावरही चालो, तिला थांबावं लागतं आणि खड्ड्यातून जावं लागतं. मोटर आणि बॅटरीची ॲल्युमिनियमची घरं वाढतील, म्हणजे डाय कास्टिंग वाढेल. माल वाहणारे ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर यांतलं डिझेल दुचाकीतल्या पेट्रोलइतक्या झटपट जाणार नाही. विशीतल्या मुलाने मायक्रोमीटर, सीएनसी आणि त्याबरोबर थोडी इलेक्ट्रिकलची समज कमावली तर त्याला घाबरायचं कारण मला दिसत नाही. पंचेचाळिशीतल्या ऑपरेटरची मला काळजी वाटते. त्याला नवीन शिकवायला कुणी वेळ काढत नाही आणि कंपन्यांनी तो काढायला हवा.

कंपनीत असलं की गाडी स्वस्तात मिळते का?

भाग बनवणाऱ्या कंपनीत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना सवलत देतात, तिच्या अटी त्या त्या कंपनीच्या.

मुलाखतीत गाड्यांच्या वेडाबद्दल बोलावं का?

बोला, पण काहीतरी हाताने केलेलं सांगा. ‘मला लहानपणापासून गाड्या आवडतात’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. ‘वडिलांच्या स्प्लेंडरचा चेनसेट मी बदलला आणि पहिल्यांदा चेन जास्त ताणली गेली, म्हणून हे झालं’ असं कुणी म्हणालं की आम्ही पेन खाली ठेवून ऐकतो.

गाडी मॉडिफाय केली तर चालतं का? धंद्यातली माणसं करतात की.

धंद्यातल्यांनाही कायदा तोच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. बेकायदा बदल केला तर मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येतं, रंग बदलता येतो, पण आरसीवर नोंद करून. तपासणीत बसलेला माणूस म्हणून कळकळीने सांगतो, सस्पेन्शन आणि ब्रेकला हात लावू नका. हबवर किती भार येणार हे गृहीत धरून आम्ही तो बनवलेला असतो. बाहेर आलेलं रुंद चाक त्या बेअरिंगवर जो ताण आणतं, तो आमच्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नसतो.

आजोबांची जुनी गाडी आहे. ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल का?

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल तर येईल. २०२१ साली त्यासाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आले. नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात, नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही.

कारखाना आतून बघायचा आहे. कसा बघता येईल?

एकट्याने गेटवर जाऊन उभं राहिलात तर वॉचमन परत पाठवेल. कॉलेज किंवा आयटीआयमार्फत लेखी विनंती करा, गट लहान ठेवा, आणि पत्रात नेमकं काय बघायचं ते लिहा: फाउंड्री, मशीन शॉप की क्वालिटी. नुसतं ‘औद्योगिक भेट’ लिहिलं तर सभागृहात बसवून चित्रफीत दाखवतात. फाउंड्री बघायची असेल तर सकाळी ओतकाम किती वाजता चालू होतं ते विचारून त्या वेळेला पोचा. पायांत बंद बूट, अंगात सुती कपडे, नायलॉन नको, कारण ठिणगी पडली तर नायलॉन कातडीला चिकटतं. मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. वही आणि पेन सोबत घ्या, आणि मशीनवरच्या माणसाला प्रश्न विचारायचा असेल तर तो तुकडा काढून नवीन लावतो त्या मधल्या वेळात विचारा.